तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मला दिसलं ते खरं होतं का?’

हा प्रश्न सुरुवातीला कधीच येत नाही. तासभर बोलणं झालेलं असतं. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, घरच्यांवर चिडचिड होते, हे सगळं सांगून झालेलं असतं. समोरची व्यक्ती उठते, पिशवी खांद्याला लावते, दाराच्या कडीवर हात ठेवते आणि तिथूनच वळून विचारते, “एक विचारू का? हसणार नाही ना? मला जे दिसलं ते खरं होतं का? की माझ्या डोक्यात काही बिघाड झालाय?” व्याख्यानानंतरही तेच. सगळे पांगले की एक जण मागे रेंगाळतो आणि आवाज खाली आणून हेच विचारतो.

आघातानंतर माणसांना काय होतं आणि रोजच्या जाणिवेच्या चौकटीत न बसणारे अनुभव कसे येतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून लोक मला विचारतात. दारात उभ्या उभ्या उत्तर देणं मला कधी जमलं नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी माझंच सांगते. एकविसाव्या वर्षी मी स्कूटरवरून पडले. समोरून गाडी आली तेव्हापासून मी जमिनीवर आपटेपर्यंत एक-दीड सेकंद गेला असेल. माझ्यासाठी तो संपतच नव्हता. उजव्या पायातली चप्पल सुटून वर उडाली आणि हवेत सावकाश एक गिरकी घेतली. तिच्या तळाला पिवळ्या कागदाचा एक कपटा चिकटला होता, तोही मला दिसला. आवाज कसलाच नव्हता. मग मी रस्त्याच्या कडेला, जरा उंचावर होते आणि एक मुलगी पडत होती. तिची वेणी सुटली होती. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, कुणाही अनोळखी मुलीबद्दल वाटेल तेवढंच. ती मीच आहे हे कळायला हनुवटी जमिनीला लागावी लागली.

मोडलेलं हाड दीड महिन्यात जुळलं. पण पुढे कितीतरी दिवस हात धुताना ते हात माझे वाटायचे नाहीत. आरशातली मुलगी ओळखीची होती, पण ती मी नव्हते. डॉक्टरांना सांगून पाहिलं. “डोक्याला मार बसला की होतं असं,” म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. डोक्याचा स्कॅन व्यवस्थित आला होता, तो त्यांच्यासमोरच टेबलावर होता. आईला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले, म्हणून तिच्याजवळ पुन्हा विषय काढला नाही. एकटी आत्या पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि तिनं विचारलं, “बरं, मग ती मुलगी कुठल्या कुशीवर पडली?” त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

पुढे अभ्यासाला लागल्यावर कळलं की माझी गोष्ट फार जुनी आहे. आल्बर्ट हाइम हे स्विस भूवैज्ञानिक आणि गिर्यारोहक. डोंगरात पडून ते वाचले आणि मग आपल्यासारख्याच पडून वाचलेल्या माणसांच्या हकिकती त्यांनी जमवल्या. १८९२ मध्ये त्यांनी त्या मांडल्या. वेदना जाणवली नाही, घाबरायला झालं नाही, विचार विजेसारखे धावत होते, वेळ ताणला गेला होता, असं एकामागून एक माणसं सांगत होती. एकमेकांना न भेटलेली माणसं.

वेळ खरंच ताणला जातो का? हे तपासायला मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सुमारे ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं खाली सोडलं. खाली जाळं होतं. मनगटावर एक यंत्र बांधलेलं, त्यावरचे आकडे इतक्या झपाट्यानं लुकलुकत की एरवी ते वाचता येत नाहीत. घाबरलेल्या माणसाची नजर खरोखरच जलद होत असेल, तर पडताना ते वाचता यायला हवेत. ते वाचता आले नाहीत. पण आपण किती वेळ पडत होतो असं विचारल्यावर, दुसऱ्याच्या पडण्याला लोकांनी जेवढा वेळ सांगितला त्याच्या सुमारे ३६ टक्के जास्त त्यांनी स्वतःच्या पडण्याला सांगितला. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांचा निष्कर्ष असा, की भीतीच्या क्षणी आठवण दाट विणली जाते आणि मागे वळून पाहताना ती लांबलचक भासते. माझ्या चपलेचा तो पिवळा कपटा मी पडताना पाहिला की नंतर आठवणीनं तिथे चिकटवला, हे आता मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि ते उंचावरून स्वतःकडे पाहणं? २००२ मध्ये मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. अपस्माराच्या उपचारासाठी तिच्या मेंदूची तपासणी चालू होती. उजव्या बाजूला, कानाच्या वर-मागे असलेल्या एका भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला की तिला आपण पलंगावर पडलोय असं वरून दिसायचं. गंमत अशी की तिला फक्त पाय आणि कमरेखालचा भागच दिसत होता. डोळ्यांनी दिसणारं, स्पर्शातून कळणारं आणि तोल सांभाळणारं, या सगळ्याची मोट बांधून मेंदू ‘मी इथे आहे’ ही जाणीव घडवत असतो. ती मोट सुटली की ‘मी’ची जागा हलते.

हे वाचलं तेव्हा माझ्या एका मैत्रिणीला वाटलं की मी निराश होईन. उलट मला हायसं वाटलं. कारण सापडलं म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. दाढ ठणकते तेव्हा तो ठणका नसेमधून येतो हे माहीत असतं, म्हणून कुणी ‘तुझी दाढ दुखतच नाही’ असं म्हणत नाही. तुम्हाला जे दिसलं, ते तुम्हाला दिसलं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कशामुळे दिसलं हा वेगळा प्रश्न, आणि तो आपण दोघांनी मिळून, घाई न करता पाहायचा. हे दोन प्रश्न एकात एक गुंतले की माणूस कोंडीत सापडतो: भुताखेतांवर विश्वास ठेवा, नाहीतर स्वतःला वेडं म्हणा.

तुम्ही एकटे आहात असंही समजू नका. १८९४ मध्ये इंग्लंडमधल्या एका संस्थेनं १७,००० जणांना विचारलेल्या प्रश्नाचे निष्कर्ष छापले. पूर्ण जागे असताना, तिथे नसलेलं माणूस तुम्हाला कधी दिसलं, त्याचा स्पर्श जाणवला किंवा आवाज ऐकू आला का, असा साधारण तो प्रश्न होता. दहातल्या एकानं ‘हो’ म्हटलं. तब्येतीनं धडधाकट माणसं ही.

रात्री जाग येते, डोळे उघडे असतात, हातपाय हलत नाहीत, खोलीत कुणीतरी आहे, छातीवर बसलंय, श्वास घेता येत नाही. हे मला इतक्यांनी सांगितलंय की मी त्याचं उत्तर पाठ करून ठेवलंय. स्वप्नं पडत असतात तेव्हा मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातच उठून पळत सुटू. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. स्वप्नाचा उरलेला तुकडा मग खोलीत उतरतो. झोपेची ओढाताण झाली की हे वाढतं, आणि आघातातून गेलेल्यांमध्येही जास्त आढळतं. काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत ते सरतं.

आघाताबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच लिहून ठेवलं होतं की असह्य प्रसंगात जाणिवेचे धागे सुटे होतात: आठवण एकीकडे, भावना दुसरीकडे, शरीर तिसरीकडे. यालाच आज डिसोसिएशन म्हणतात. ज्यातून पळता येत नाही त्यातून मन असं निघून जातं. त्या वेळी ते वाचवतं. पंचाईत नंतर होते, कारण मागे टाकलेला तुकडा जुना होत नाही. त्याला तारीख लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा वास आला की दहा वर्षं पुसली जातात आणि माणूस पुन्हा तिथेच उभा असतो. याला फ्लॅशबॅक म्हणतात. माणूस तेव्हा भूतकाळ आठवत नसतो, भोगत असतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत पीटीएसडी (आघातानंतर मागे रेंगाळणारा मानसिक विकार) हे निदान १९८० मध्ये आलं. ‘मी माझ्या बाहेर आहे’, ‘जग काचेपलीकडे आहे’ असं वाटणारा त्याचा वेगळा प्रकार नोंदवायला २०१३ उजाडलं. मी हात धुताना जे अनुभवत होते त्याला तोपर्यंत दुसरी नावं होती, पण मला ती कुणी सांगितली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी आघाताला सामोरी जातात आणि त्यांतल्या सुमारे ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक जण सावरतात. जे सावरत नाहीत ते कमकुवत असतात असं मला या कामात एकदाही वाटलेलं नाही. त्यांच्यासाठी उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोलण्याची थेरपी आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करवत आठवणींवर काम करण्याची पद्धत), दोन्हींची शिफारस संघटनेनं २०१३ मध्ये केली आहे.

संघटनेच्या मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी जिथे जाईन तिथे सांगते. प्रसंग घडल्या घडल्या माणसाला बसवून ‘सगळं सांग, मन मोकळं कर’ म्हणत खोदून विचारू नका. अशा एकदाच घेतलेल्या सत्रांचा उपयोग होत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. पाणी द्या, पांघरूण द्या, जवळ बसा, घरी फोन लावून द्या. तो बोलला तर ऐका. आत्यानं मला ‘काय झालं’ असं विचारलंच नव्हतं. मी जिथे थांबले होते तिथूनच तिनं पुढचं विचारलं.

जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येणाऱ्यांबद्दल एक हकिकत मला फार मोलाची वाटते. नेदरलँड्सचे मनोविकारतज्ज्ञ मारियुस रोमे यांची एक पेशंट आवाजांनी त्रस्त होती. १९८७ मध्ये ते तिच्यासह टीव्हीवरच्या कार्यक्रमात आले आणि आवाज ऐकणाऱ्यांनी संपर्क करावा असं आवाहन केलं. साडेचारशे जणांनी ‘आम्हालाही ऐकू येतात’ असं कळवलं, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं आवाजांसह व्यवस्थित चाललं होतं. तिथून पुढे आवाज ऐकणाऱ्यांचे गट उभे राहिले.

मग मी काळजी कधी करते? आवाज ‘स्वतःला संपव’ किंवा ‘त्याला मार’ असं सांगू लागले की. दिवसेंदिवस झोप नाही, खाणं-पिणं सुटलंय, सगळे माझ्या वाईटावर आहेत अशी खात्री बसली आहे, अशा वेळी. तापात, फिट आल्यावर, नशेच्या पदार्थांनंतर किंवा वयस्कर माणसाला अचानक काही दिसू लागलं तरी. अशा वेळी आधी डॉक्टर, लगेच. तिथे वाट पाहायची नाही.

आणि काही वेळा काहीच करावं लागत नाही. १९७१ मध्ये डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरनं जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी बोलून पाहिलं. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखं वाटलं होतं, काहींना तो दिसला होता, काहींशी बोलला होता. बऱ्याच जणांना त्याचा आधार होता. आणि बहुतेकांनी हे तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी एक बाई अशाच दारात थांबल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) यजमान जाऊन तीन वर्षं झालेली. रात्री नऊच्या सुमारास जेवणघरातली खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, म्हणाल्या. मुलांना सांगितलं तर ती डॉक्टरकडे नेतील. मी त्यांना पुन्हा आत बोलावलं, बसवलं आणि विचारलं, “खुर्ची टेबलाजवळ ओढतात की मागे?”

त्या कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मागे. नेहमी मागेच. त्यांचे पाय लांब होते ना.”