कपडे धुऊन होईस्तोवर एक तारा

ऑक्टोबरात हाती घेतलेल्या डेल्टा सेफी या तेज बदलत्या ताऱ्याचा हिशेब द्यायचा राहिला होता. आज ढग आहेत, उद्याही राहणार म्हणतात, तेव्हा बसलेच लिहायला. आकडे आधी. २० ऑक्टोबर ते ४ फेब्रुवारी, एकूण १०८ रात्री. त्यांतल्या आभाळ मोकळं असलेल्या ४३. प्रत्यक्ष नोंदी ३९. उरलेल्या चार रात्री आभाळ चक्क लख्ख होतं आणि मी झोपले होते. परीक्षा होती, दुसरी काही सबब नाही.

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांकडे मी वळले ते नाइलाजाने. परदेशी शिकायला येताना माझा चार इंची टेलिस्कोप भारतात घरी राहिला. त्याची नळी बॅगेत घातली असती तर हिवाळ्याचे कपडे बाहेर काढावे लागले असते. सोबत आली ती १०x५० ची बायनॉक्युलर, स्वेटरमध्ये गुंडाळून. इथे हॉस्टेलच्या भोवती दिव्यांचा एवढा उजेड, की तेजोमेघ, दीर्घिका वगैरेंची नावंही काढू नयेत. पण तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे तारे दिसतात (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). मग त्यांच्याकडूनच काय काम करून घेता येईल, असा विचार केला.

आल्या आल्या पहिल्या मोकळ्या रात्री मी ध्रुव शोधायला गेले आणि नेहमीच्या जागी पाहिलं तर तिथे नुसतं आभाळ. घरी हात लांब करून मूठ धरली की क्षितिजापासून दोन मुठींच्या आत ध्रुव सापडायचा. इथे मोजला तर पाच मुठी आणि वर थोडा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आणि ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. हे शाळेपासून पाठ आहे, पण मान मागे टाकून ते पाहताना जरा धस्स झालं हे खरं. सप्तर्षी इथे मावळतच नाहीत. अगस्त्य मात्र गेला. तो इथल्या क्षितिजावर कधीच येत नाही. दर हिवाळ्यात दक्षिणेला त्याला पाहायची सवय होती, त्यामुळे दोन-तीन आठवडे मी उगीचच त्या बाजूला बघत राहायचे.

त्याची भरपाई उत्तरेने केली. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि सासरेबुवा वृषपर्वा, तारकासमूहांचं हे अख्खं घराणं इथे जवळजवळ रात्रभर क्षितिजाच्या वरच असतं. घरून हिवाळ्यात वृषपर्वा बघायचा म्हणजे संध्याकाळची घाई, मग तो उत्तरेच्या धुळीत उतरायचा. इथे डिसेंबरात संध्याकाळी सातला तो जवळजवळ डोक्यावर. मग त्याच्यातला डेल्टा सेफी हातचा कशाला सोडायचा?

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. डेल्टा सेफीची प्रत ३.५ ते ४.४ यांच्या दरम्यान खालीवर होते, आवर्तकाल ५ दिवस ८ तास ४७ मिनिटं. चढतो भराभर, दीडेक दिवसात. उतरतो रमतगमत, जवळजवळ चार दिवस घेऊन. अशा सगळ्या ताऱ्यांना ‘सेफिड’ हे नाव मिळालं ते याच्यावरून. तारा खरोखरच फुगतो आणि आक्रसतो. त्याच्या बाहेरच्या थरातला हेलियम उष्णता अडवून धरतो, थर फुगतो, मग उष्णता निसटते आणि थर पुन्हा खाली बसतो. उकळत्या भांड्यावरचं झाकण आठवा, पण झाकण सुमारे ८९० प्रकाशवर्षांवर.

आता जागेबद्दल. हॉस्टेलच्या मागे, कपडे धुण्याच्या खोलीच्या दाराशी, सायकली लावायची एक अरुंद जागा आहे. दोन बाजूंना भिंती असल्याने रस्त्याचा दिवा तिथे थेट डोळ्यांत येत नाही. अडचण एकच. दारावर हालचाल ओळखणारा दिवा आहे. कुणी हललं की पेटतो आणि तीन मिनिटं जळतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती त्या एका पेटण्यात मातीमोल. पहिले आठ दिवस मी नुसती चरफडले. मग लक्षात आलं की सायकलस्टँडच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, योगा मॅटवर आडवं पडलं आणि हललंच नाही, तर दिव्याला आपण दिसत नाही. हात बायनॉक्युलरसकट इतक्या सावकाश वर न्यायचे की मांजरालाही संशय येऊ नये. आडवं पडण्याचा दुसरा फायदा म्हणजे मान वाचते. डोक्यावरचा तारा उभ्याने बघून दाखवा एकदा.

वेळेची व्यवस्था मशीनने लावून दिली. कपडे टाकले की पन्नास मिनिटं. पहिली तीस मिनिटं डोळ्यांसाठी, पुढची दहा नोंदीसाठी, उरलेली दहा नुसती बघण्यासाठी. ही शेवटची दहा मिनिटं माझ्या आठवड्यातला सगळ्यात चैनीचा वेळ. मशीन आतून घरघरत असतं, उबदार साबणाचा वास दाराच्या फटीतून येतो, आणि कुणालाही माझ्याकडून काही नको असतं. डिसेंबरात मी इतक्या वेळा कपडे धुतले की मजल्यावर माझी ‘फार टापटिपीची मुलगी’ अशी ख्याती झाली. मी ती खोडून काढलेली नाही.

नोंद कशी घेते ते सांगते, कारण मागे काहींनी विचारलं होतं. डेल्टाच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन आहेत, तिघांचा छोटासा त्रिकोण होतो आणि तो बायनॉक्युलरच्या एका दृश्यात मावतो. झीटाची प्रत ३.४, एप्सिलॉनची ४.२. मधल्या अंतराचे मनातल्या मनात भाग पाडायचे आणि डेल्टा कुठे बसतो ते ठरवायचं. झीटाच्या जरा जवळ वाटला तर ३.७, बरोबर मध्ये वाटला तर ३.८. फोकस किंचित बिघडवून घ्यायचा. टाचणीच्या टोकांपेक्षा तीन फुगीर ठिपके ताडून पाहणं सोपं जातं. एकाच ताऱ्याकडे टक लावायची नाही, नजर तिघांवरून फिरती ठेवायची. जवळच म्यू सेफी हा लालभडक तारा आहे, तो आधी बघायचा मोह आवरावा. लाल ताऱ्याकडे जितकं टक लावून पाहावं तितका तो जास्त तेजस्वी भासतो, आणि एकदा डोळ्यांना तशी सवय लागली की बाकीचे अंदाजही घसरतात.

सगळ्यात कठीण शिस्त म्हणजे आधीची पानं न बघणं. काल ३.९ लिहिलंय हे आठवलं की आज डोळ्यांना ४.० दिसायला लागतं. मी उपाय केला तो असा: रोजची नोंद वेगळ्या चिठ्ठीवर, चिठ्ठी घडी घालून बुटांच्या रिकाम्या खोक्यात. खोकं उघडायचं महिन्याअखेरीस. आणि लिहायचं पेन्सिलीने. थंडीत बॉलपेनची शाई घट्ट होते हे मला नोव्हेंबरातल्या एका रात्री कळलं. कागदावर नुसता चर उमटला होता, तो दुसऱ्या दिवशी दिव्यासमोर तिरका धरून वाचावा लागला. ३.६ होता. बहुधा.

डेल्टा उताराच्या तळाशी गेला की माझी पंचाईत होते. तेव्हा तो एप्सिलॉनपेक्षाही मंद असतो आणि खालच्या बाजूला आधाराला तारा राहत नाही. त्यामुळे ४.२ च्या पुढचे माझे आकडे अंदाजपंचे धरावेत.

आता थोडी फजिती. नोव्हेंबरच्या मध्यात म्हटलं, जरा चव पालट म्हणून ययातीतला अल्गॉल करू. हा पिधानकारी जोडतारा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येतो आणि प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते. उतरणं-चढणं मिळून सुमारे दहा तासांचा खेळ. त्या दिवशीच्या किमान तेजाची वेळ कोष्टकात १९:४० होती, अर्थात वैश्विक, म्हणजे ग्रिनिचच्या, वेळेत. मी काय करावं? इतक्या वर्षांच्या सवयीने त्यात साडेपाच तास मिळवले. रात्री साडेबाराचा गजर लावला, दोन मोजे चढवले, खाली जाऊन दिव्याशी लपंडाव खेळत सव्वापर्यंत डोळे तयार केले. अल्गॉल नेहमीसारखाच ठणठणीत. वाटलं, अजून सुरुवात व्हायची असेल. आणखी चाळीस मिनिटं पडून राहिले. काही नाही. थंडी मॅटमधून पाठीत शिरली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की मी या देशात राहते आणि इथे मिळवायचा असतो एक तास. ग्रहण पावणेनऊच्या सुमारास भरात होतं. तेव्हा मी वर भांडी घासत होते. आणि सातला डेल्टासाठी खाली होते, तेव्हा नुसती मान पूर्वेला वळवली असती तरी तो उतरताना दिसला असता!

बरं झालं की अल्गॉल फार दिवस रुसत नाही. तिसऱ्या दिवशी तोच प्रकार ३ तास ११ मिनिटं अलीकडे येतो, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला. या अक्षांशावर नोव्हेंबरात तोवर अंधार पडलेला असतो. इथे सूर्य चारनंतर जायच्या गडबडीत असतो याबद्दल सगळेजण कुरकुरतात. मी कुरकुर बंद केली ती त्या संध्याकाळी. पावणेसहाला अल्गॉल ययातीतल्याच डेल्टा आणि कप्पाच्या मध्ये होता, म्हणजे ३.४ च्या आसपास. लेक्चरच्या नोट्स काढता काढता दर अर्ध्या तासाला खाली एक फेरी मारली. दहा वाजता तो देवयानीतल्या गॅमाच्या बरोबरीला येऊन बसला होता. एका संध्याकाळीत, साध्या डोळ्यांनी. दुसरं काही करू नका, पण हे एकदा कराच.

हे दोन्ही तारे जॉन गुडरिकचे. १७८२ च्या नोव्हेंबरात, अठराव्या वर्षी, यॉर्कमध्ये त्याने अल्गॉलचं मंदावणं टिपलं, त्याचं वेळापत्रक बसवलं आणि रॉयल सोसायटीचं १७८३ चं कॉप्ली पदक मिळवलं. १७८४ मध्ये डेल्टा सेफीचं बदलणं त्यानेच दाखवलं. लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हतं. १७८६ मध्ये तो गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. मी तेवीस. मशीनचा भोंगा वाजला की मला हटकून तो आठवतो, का ते सांगता येत नाही.

मूळ हिशेबाकडे येते. एक गोष्ट मला कागदावर आकडेमोड करेपर्यंत कळली नव्हती. डेल्टाची तीन आवर्तनं म्हणजे १६ दिवस आणि जेमतेम अडीच तास. म्हणजे रोज ठरावीक वेळी पाहिलं तर सोळा रात्रींत त्याच्या चक्राचे सोळा वेगवेगळे टप्पे मिळतात, आठ-आठ तासांच्या अंतराचे, आणि सतराव्या रात्री गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. दिवसाउजेडी बघता येत नाही, मध्यरात्री उठवत नाही, तरी आख्खं चक्र हाती लागतं. ढगांनी एखादा टप्पा खाल्ला तर सोळा दिवसांनी तोच परत येतो. मी भिंतीवर सोळा चौकोन काढून कागद लावला. नोव्हेंबराखेर अकरा भरले. सोळावा चौकोन तीन वेळा ढगात गेला आणि १३ जानेवारीला भरला. त्या दिवशी कॉलेजात माझा पेपर यथातथाच गेला होता, पण घरी फोन केला तेव्हा आईला माझा आवाज ऐकून वाटलं की पहिला नंबर आला.

खोकं उघडलं, ३९ चिठ्ठ्या एका चक्रावर मांडल्या. आलेख कुठे कुठे विस्कटलेला आहे, चुका ०.१ ते ०.२ प्रतीच्या आहेत, पण आकार निघाला! एका बाजूला सरळ चढण, दुसऱ्या बाजूला लांब उतार, करवतीच्या दातासारखा. माझ्या डोळ्यांनी ३.६ ते ४.३ एवढीच झेप पकडली. शिखर आणि तळ दोन्ही बोथट आलेत. पहिल्या आणि शेवटच्या शिखरामध्ये १९ आवर्तनं, १०२.२ दिवस. भागाकार ५.३८ दिवस. खऱ्या आकड्यापासून वीस मिनिटांच्या आत. याचा फार गर्व करू नये हेही सांगते: शिखरं ठरवताना माझी जवळजवळ सहा तासांची गफलत आहे, ती १९ आवर्तनांत वाटली गेली म्हणून एवढीशी दिसते. जितकं लांबवाल तितकं तुमचं पाप धुतलं जातं.

नोव्हेंबरात एक जोडनोंदही झाली. बाबांना फोनवर त्रिकोण समजावला. ते गच्चीवर, मी सायकलींपाशी. इथले सात, तिथले साडेअकरा. ‘आधी तू सांगू नकोस,’ असं त्यांनी मलाच बजावलं. त्यांनी ३.८ सांगितली, माझ्या चिठ्ठीवर ३.९ होती. मग पाच मिनिटं कोण बरोबर यावर वाद. शेवटी ते म्हणाले, ‘तुझ्याकडे दिवे जास्त आहेत,’ आणि फोन ठेवला. ती चिठ्ठी आलेखात घेतली आहे. वेगळ्या रंगाने.

पुढचं काम ठरलंय. गरुडातला ईटा अॅक्विली, हाही सेफिड, आवर्तकाल ७.१८ दिवस, प्रत जवळपास डेल्टाइतकीच. अडचण अशी, की तो उन्हाळ्यातला तारा आणि इथे जूनमध्ये पुरता अंधार पडतच नाही, रात्रभर उत्तरेला उजेडाची किनार राहते. तिसऱ्या प्रतीला तेवढं चालेल असा माझा अंदाज आहे. उत्तरेत राहून कुणी उन्हाळ्यात ईटा केला असेल तर तुलनेसाठी कोणते तारे धरलेत ते कळवा.

शिवाय शेजारच्या खोलीतली मुलगी. परवा ती कपडे घेऊन बाहेर आली, दिवा पेटला, मी मनात शिव्या घातल्या. ती मला आडवी पाहून दचकली नाही, सवय झालीय. वर बघून म्हणाली, ‘आज तुझा तो बदलणारा शेजारच्याइतका झालाय ना?’ मी पाहिलं. डेल्टा तेजात झीटाला येऊन भिडला होता. तिला मी त्रिकोण एकदाच दाखवला होता, डिसेंबरात.

तिच्यासाठी दुसरी मॅट आणावी लागणार.