शेल्टरमधला आमचा शेरू

तर शेवटी जर्मन शेफर्ड घरी आलाच, रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत, आणि तोही शेल्टरमधून, सात वर्षांचा, वय झालं म्हणून कुणीतरी सोडलेला. आई म्हणाली, "अगं, म्हातारा कशाला आणलास?" आता तीच पोळीचा पहिला तुकडा त्याला देते. उठताना मागचे पाय जरा अडकतात, या जातीत खुब्याचा त्रास बऱ्याचदा असतो, म्हणून गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी अंथरलीय. केस मात्र... पोह्यांवरच्या शेवेतसुद्धा सापडतात! शेजारचे काका म्हणतात इंदूरचा उन्हाळा आहे, भादरून टाक, पण त्याचा डबल कोट, म्हणजे केसांचा दुहेरी थर, उन्हापासूनही वाचवतो, त्यामुळे मी नुसतं रोज विंचरते. पहिले तीन दिवस दाराकडे तोंड करूनच बसायचा, काल रात्री माझ्या चपलेवर डोकं ठेवून चक्क घोरला.