बरोबरीच्या लढाईत लाल बाजूच का जिंकत होती?

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाच्या एका गटाने नेटलोगोत (अनेक घटकांच्या वागण्याची संगणकावर नक्कल करणारं सॉफ्टवेअर) केलेलं ड्रोनयुद्धाचं मॉडेल दाखवायला आणलं. लाल आणि निळी बाजू. दोन्हींकडे ड्रोन तेवढेच, नेम आणि पल्लाही सारखा. तरी दर वेळी लालच वरचढ. "सर, जो आधी मारा करतो तो जिंकतो," हा निष्कर्ष अहवालात लिहूनही झाला होता. पटण्यासारखा होता, म्हणूनच धोक्याचा. लालने आधी मारा करावा असं मॉडेलमध्ये कुणी ठरवलेलंच नव्हतं.

अशा वेळी मोठं मॉडेल उसवत बसू नये. दोन्हीकडे एकच ड्रोन ठेवला, नेम लागण्याची शक्यता ५० टक्के, आणि १०,००० फेऱ्या लावल्या. लालचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास आला. लाल आधी झाडतो आणि निळा वाचला तरच उलट झाडतो, असं धरलं की कागदावर हेच उत्तर येतं: ०.५ भागिले ०.७५ (दोघांची एकेक पाळी होईपर्यंत कुणीतरी पडण्याची शक्यता). दोघे एकाच वेळी झाडत असते तर लालचा विजय, निळ्याचा विजय आणि दोघांचा नाश, तिन्ही एक-एक तृतीयांश यायला हवे होते.

दोष कोडच्या दोन ओळींत होता: आधी लालना 'आस्क' (म्हणजे पाळी घेण्याची आज्ञा), मग निळ्यांना. पडलेला निळा त्याच टिकमध्ये (मॉडेलमधल्या वेळेच्या एका पावलात) 'डाय' होतो, म्हणजे मॉडेलमधून काढला जातो, त्याची पाळी येतच नाही. सगळ्यांना एकत्र 'आस्क' केलं तर क्रम दर वेळी बदलतो आणि पक्षपात जातो. पण दोघेही पडले, असं तरीही कधी घडत नाही. म्हणून दोन टप्पे हवेत: आधी सगळ्यांचे नेम नोंदवायचे, मग लागलेल्यांना एकदम काढायचं. शिवाय प्रत्येक फेरीचं रँडम सीड (यादृच्छिक आकडे ज्यापासून सुरू होतात तो आकडा) लिहून ठेवायचं, नाहीतर विचित्र फेरी पुन्हा तपासता येत नाही.

मग ब्रिटिश अभियंता लँचेस्टरची कसोटी. त्याच्या १९१६ च्या वर्गनियमानुसार (बाजूचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात) सारख्या नेमाचे १०० आणि ६० शेवटपर्यंत लढले तर मोठ्या बाजूचे ८० उरतात. त्यासाठी पल्ला अमर्याद ठेवला आणि नेमाची शक्यता टिकला १ टक्का. ती मोठी असेल तर एकाच लक्ष्यावर अनेकांचा मारा वाया जातो आणि उत्तर सरकतं. सरासरी ८० च्या जवळ आली.

आता गटाने लालला निळा एक टिक आधी दिसेल, असा वेगळा स्लायडर जोडला आहे. त्यांचा निष्कर्ष खरा की खोटा, हे त्यावर तपासता येईल.