आयर्विन पूल आणि राहून गेलेलं एक चिन्ह

आज सांगलीत ताईकडे गेलो होतो. नववीतला भाचा जुन्या लॅपटॉपवर पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) घेऊन बसलेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट ते टाकायचं, प्रोग्राम इशारा देणार. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ चा पूर त्या घराने बघितलाय, त्यामुळे विषय शोधायला लागला नाही.

"मामा, ३९ टाका." गप्प. "४१ टाका." लाल अक्षरं! मी आपलं सहज ४० टाकलं. परत गप्प. पोरगं दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिलं आणि कपाळावर हात मारला. 'पेक्षा जास्त' लिहिलेलं, 'किंवा बरोबर' राहिलेलं. एक चिन्ह वाढवलं, चाललं. (श्रेय मी घेतलंच.)

भडंग खाताना म्हणाला, शाळकरी मुलांचं प्रोग्रामिंगचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९८९ पासून असतं, एका देशातून चौघंच जातात.

"तू जाणार?"

"आधी सी प्लस प्लस येऊ दे की."

"आधी मराठीचा निबंध येऊ दे," ताई आतून.

घरी पोचतोय तोवर त्याचा मेसेज: "मामा, ३९.५ टाकलं की बंदच पडतंय ओ. थांबा जरा."