तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर असताना हे गणित कशाला?

"मॅडम, कॉम्प्युटर क्षणात सगळं काढून देतो, मग तुम्ही वहीवर अजून काय शोधता?" पालक विचारतात, शेजारी विचारतात. ग्राफ थिअरी आणि कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन हे माझं क्षेत्र. ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि त्यांतून सर्वांत चांगली निवड. सोलापूरकरांना मी गड्ड्यापासून, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेपासून, सांगायला लागते.

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराचे नंदीध्वज 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात. त्यांची वाट परंपरेची, तिला हात लावायचा नाही. मी फक्त 68 हा आकडा उसना घेते. एका ठिकाणाहून निघून बाकी प्रत्येक ठिकाणी एकदाच जायचं आणि परत यायचं, तर असे क्रम किती? सुलट आणि उलट फेरी एकच धरली तरी 95 अंकी संख्या येते! जगातले सगळे कॉम्प्युटर विश्वाच्या जन्मापासून एकेक क्रम तपासत बसले असते, तरी आज कुठेच पोचले नसते. म्हणून तपासत बसायचं नाही, सिद्ध करायचं. डँट्झिग, फल्कर्सन आणि जॉन्सन यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या 49 शहरांची फेरी काढली आणि याहून लहान फेरी असूच शकत नाही, हेही दाखवलं. त्या 'असूच शकत नाही'साठी मी या विषयात आले.

घंटागाडीचं मात्र वेगळं. तिला ठिकाणं गाठायची नसतात, गल्ल्या संपवायच्या असतात. हा प्रश्न चीनच्या क्वान मेई-को यांनी 1960 मध्ये मांडला, आणि तो झटपट सुटतो. पण काही रस्ते एकेरी, काही दुहेरी केले की तोही अवघडांच्या रांगेत जाऊन बसतो. एवढ्याशा बदलानं एवढा फरक! हे शिकवताना मी दरवर्षी नव्यानं हरखते.

पुन्हा ठिकाणांच्या फेरीकडं. सर्वांत लहान फेरी सापडत नसेल, तर तिच्या दीडपटीहून मोठी होणार नाही अशी फेरी देणारी पद्धत ख्रिस्तोफिडीस यांनी 1976 मध्ये दिली. आडवाटेनं जाणं सरळ वाटेपेक्षा कधीच जवळचं नसावं, एवढीच अट. ती दीडपट पुढं चार दशकं कुणाला हलवता आली नाही. 2020 मध्ये कार्लिन, क्लाइन आणि ओवेस घरान यांनी ती किंचित खाली आणली. किती? दशांशचिन्हापुढं तीसहून जास्त शून्यं, मग एक. तेवढ्यानं कुणाचं डिझेल वाचत नाही, पण दीडपट ही शेवटची हद्द नाही हे कळलं. चार-तृतीयांशापर्यंत जाता येईल, असा अनेकांचा कयास आहे. काही खास प्रकारच्या ग्राफसाठी, म्हणजे ठिपके-रेषांच्या जाळ्यांसाठी, ते सिद्धही झालंय. माझी पीएचडीची विद्यार्थिनी पुढच्या एका प्रकाराला भिडली आहे.