तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात कठीण लाकूड कोणतं?

भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ माझं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. तिथे येणारा माणूस कामाचं बोलून झालं की हमखास विचारतो, "काका, जगातलं सगळ्यात कठीण लाकूड कोणतं हो?" काहींना नव्या फ्लॅटच्या मुख्य दाराला तेच लावायचं असतं, काहींना नुसतं कुतूहल असतं. उभ्या उभ्या सांगून हे संपत नाही, म्हणून आज बसून लिहितो आहे.

सरळ उत्तर आधी देतो. जगभरच्या याद्यांत पहिला मान बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातल्या बुलोक नावाच्या झाडाला मिळतो. त्याच्या मागोमाग अर्जेंटिना आणि पॅराग्वेच्या कोरड्या चाको प्रदेशातला क्वेब्राचो येतो, कॅरिबियन बेटांवरचं लिग्नम व्हिटे येतं, आणि ऑस्ट्रेलियातलंच गिजी येतं. नावं परकी वाटतात, पण नाती जवळची आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्या सुरूच्या बनात सावलीला बसतो, त्या सुरूच्या कुळातलं बुलोक. आणि गिजी म्हणजे आपल्या बाभळीचं भाऊबंद.

हे मोजतात कसं? गॅब्रिएल जांका नावाच्या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ मध्ये एक चाचणी बसवली, तीच आजही चालते. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात बरोबर निम्मी रुतवायची आणि त्याला किती जोर लागला ते लिहायचं. व्यास असा अडनिडा घेतला, कारण त्या गोळीचा मधोमध छेद १०० चौरस मिलिमीटर भरतो. याद्यांतले आकडे पौंडांत असतात. किलोत सांगायचं तर सागाला साधारण ५०० किलोचा जोर लागतो, आपल्या शिसवाला हजार-अकराशेचा, आणि लिग्नम व्हिटेला दोन हजारांच्या आसपास. मुलं मॉडेल विमानं करतात त्या बाल्साला चाळीसेक किलो पुरतात.

बुलोकच्या नावावर ५,०६० पौंडांचा आकडा सगळीकडे फिरतो. दुसऱ्या नोंदींत तेच लाकूड चार हजारांच्या आत दिसतं. यात कुणी खोटं बोलत नाही. लाकूड किती वाळलेलं होतं, तुकडा गाभ्याचा होता की बाहेरचा, झाड कुठल्या जमिनीत वाढलं, यावर आकडा बदलतो. त्यामुळे पहिला नंबर कुणाचा यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. सगळ्या झाडांच्या पेशींच्या भिंती जवळपास एकाच मालाच्या असतात. त्या मालाची घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे दीड ग्रॅम, मग झाड बाल्साचं असो की क्वेब्राचोचं. फरक पडतो तो भिंतीची जाडी आणि आतली पोकळी यांत. बाल्सा म्हणजे पातळ भिंतींच्या मोठमोठ्या खोल्या, लिग्नम व्हिटे म्हणजे जुन्या वाड्यासारख्या जाड भिंती आणि आत जेमतेम माणूस मावेल एवढी जागा. वर त्या जागेतही राळ आणि इतर द्रव्यं भरलेली. म्हणून त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त होते आणि ते बुडतं. कुठल्याही लाकडाची घनता दीडच्या पुढे जाणार नाही, कारण तिथे पोकळीच संपते. कठीण लाकडांच्या यादीतली बरीच झाडं कमी पावसाच्या मुलखातली, सावकाश वाढणारी आहेत, हेही ध्यानात घ्या.

असा मुलूख आपल्याकडेही आहे. खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला अंजन नावाचं झाड आहे. भारतातल्या सगळ्यात जड आणि कठीण लाकडांत त्याची गणना होते. त्याच्या गाभ्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे. प्रश्न विचारणारं कुणी लहान मूल असलं की बादलीत पाणी घेतो आणि सागाचा आणि अंजनाचा असे दोन तुकडे त्याच्या हातात देतो. साग तरंगतो, अंजन तळाला जाऊन बसतं. मग बोलावंच लागत नाही.

खैर तुम्हाला कातामुळे माहीत असेल. त्याच्या गाभ्यातूनच कात निघतो. खैराचा तुकडा लेथवर लावला की हाताला लगेच कळतं. सागाची सालपटं लांब, कुरळी निघतात. खैराचा लालसर भुसा निघतो, बारीक, जवळजवळ पिठासारखा. पटाशी जरा जोराने टेकवली तर तुकडा थरथरतो, धार गेलेली असेल तर नुसता तापतो आणि करपल्याचा वास येतो. दर थोड्या वेळाने थांबून धार लावावी लागते. पण शेवटी त्याला जी झळाळी येते ती पॉलिशशिवाय येते, फक्त त्याच्याच भुशाची मूठ फिरत्या तुकड्यावर धरायची. स्क्रू मारायचा असेल तर आधी पुऱ्या मापाचं भोक पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा आत अडकतो. मुसळं खैराची करत ती उगाच नाही. तबल्याच्या खोडालाही शिसवाबरोबर खैर चालतो.

आणि बाभूळ. बाभळीबद्दल मला फार वाटतं, कारण तिला सरपणाच्या पलीकडे कुणी किंमत देत नाही. दख्खनची शेती या लाकडावर चालली. नांगर बाभळीचा, गाडीचं चाक बाभळीचं. चाकाच्या मधला तुंबा बघा: आतून कणा त्याला सतत घासतो, बाहेरून सगळे आरे त्यात ठोकून बसवलेले, आणि भरल्या गाडीचं वजन खड्ड्यातून जाताना एकेका आऱ्यावर आदळतं. धाव चढवताना तर लाकडाची खरी परीक्षा असते. लोहार लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवतो, ती फुगलेली असताना चाकावर चढवतात आणि लगेच वरून पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळं चाक असं आवळते की सांधे करकरतात. मऊ लाकूड तिथे चेपेल, नुसतं कठीण आणि ठिसूळ असेल तर तडकेल. बाभूळ कठीण आहे आणि चिवटही आहे. फक्त तिला कीड लागते, म्हणून जुने सुतार ओंडके पाण्यात भिजत टाकायचे, मग वाळवायचे, आणि बाहेरचा पांढरा भाग तासून काढून टाकायचे. एवढी मेहनत आता कुणी घेत नाही आणि मग म्हणतात बाभूळ टिकत नाही.

पुण्यात हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं खूप झाली आहेत. पुढच्या वेळी तेल घ्यायला जाल तेव्हा दोन मिनिटं घाण्यापाशी उभे राहा. शेंगदाण्यावरून लाट, म्हणजे घाण्यातलं जाड लाकडी मुसळ, फिरते, लाकूड लाकडाला दिवसभर घासतं, मध्ये फक्त पेंड आणि तेल. मऊ लाकूड असतं तर त्याचा चुरा तुमच्या तेलात आला असता. जुन्या घाण्यांना म्हणूनच बाभूळ किंवा चिंच लावत. कठीण लाकडाचं खरं काम अशा जागी असतं, जिथे घासाघास आहे आणि मार आहे.

आता दाराकडे येऊ, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीव तिथे असतो. दाराला कोण घासतं? कोण त्याच्यावर पोलादी गोळी रुतवतं? दाराचे शत्रू म्हणजे वाळवी, पावसाळ्याची ओल आणि एप्रिल-मेचं ऊन. या तिन्हींपुढे साग उभा राहतो. जांकाच्या यादीत तो अगदी मधला, पण त्याच्या अंगचं तेल आणि इतर द्रव्यं वाळवीला आणि बुरशीला रुचत नाहीत, आणि ओलाव्याने फुगणं-आकसणं त्याचं फार कमी. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना मांडली तेव्हा सागाला १०० धरून बाकीच्यांना गुण दिले. एका लाकडाला फूटपट्टीचा मान मिळतो तो काही फक्त कठीणपणावर मिळत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानी ट्रिंकोमाली ही युद्धनौका ब्रिटिश नौदलासाठी बांधली. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते आहे. आपल्या शनिवारवाड्यासाठीही जुन्नरकडच्या जंगलातून साग आणल्याचं सांगतात. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, आगीपुढे त्याचाही इलाज नव्हता. पेठांतले वाडे उतरतात तेव्हा निघणाऱ्या सागवानी तुळया आमच्या बाजारात येतात. वरचा काळा थर रंध्याने काढला की आत सोनेरी लाकूड निघतं आणि त्या तेलाचा वास आजही येतो. अशी तुळई मिळाली तर नव्या लाकडाच्या आधी मी तीच घेतो, कारण तिची जी काही वळवळ व्हायची ती कधीच होऊन गेलेली असते.

लिग्नम व्हिटेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या व्यवसायातल्या माणसाला त्याचा मोह पडतोच. जॉन हॅरिसन हा मुळात सुतार, पुढे समुद्रावर रेखांश काढता येईल असं घड्याळ करून त्याने नाव मिळवलं. १७२२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रॉकल्सबी इथे त्याने लाकडी यंत्राचं घड्याळ केलं आणि फिरणाऱ्या भागांखाली लिग्नम व्हिटे घातलं. त्या लाकडातल्या राळेमुळे वेगळं तेल घालावं लागत नाही. ते घड्याळ अजून चालतं. पुढे वाफेच्या जहाजांना पाण्याखाली पंख्याच्या दांड्यासाठी बेअरिंग हवं होतं. धातूची बेअरिंगं झिजून जायची. १८५० च्या दशकात तिथे हे लाकूड बसलं आणि शंभर वर्षांनंतर अमेरिकेच्या पहिल्या अणुपाणबुडीतही, नॉटिलसमध्ये, तेच होतं. पाण्यात राहून, घासून घासून ते आणखी गुळगुळीत होत जातं.

या गुणांपायी त्याची बेसुमार तोड झाली. झाड बुटकं, वाढ अतिशय सावकाश. एक जाडजूड ओंडका व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात. आज त्याच्या व्यापारावर साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. जमैकाचं राष्ट्रीय फूल याच झाडाचं, निळं, नाजूक. म्हणून कुणी शोभेच्या वस्तूसाठी त्याचा तुकडा मागवायचा म्हणतं तेव्हा मी स्पष्ट नको म्हणतो. ज्या झाडाने जहाजं चालवली ते पेपरवेट करायला तोडू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या शिसवाचीही तीच गत होत आली आहे, त्यामुळे तेही जपून वापरा.

तेव्हा दाराची चौकट आणि फळ्या सागाच्या करा, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मिळाला तर उत्तमच. जिन्याच्या पायऱ्यांची कड आणि उंबरठा मात्र रोज पायाखाली झिजतो, तिथे जास्त कठीण लाकडाची पट्टी बसवायला हरकत नाही. वाड्याच्या जुन्या मालात शिसवाचे तुकडे निघतात, ते विचारा. घेताना फळीचं टोक बघा, तिथे बारीक भेगा असतील तर लाकूड घाईने वाळवलेलं आहे. पांढरा पट्टा असलेली फळी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. आणि जुलैत दार चौकटीला अडकायला लागलं म्हणून लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. दिवाळीपर्यंत थांबा, लाकूड सुकू द्या, मग काय ते ठरवा.