तुम्ही विचारलंत म्हणून : मेंदूतलं की मनातलं?

"हे तुझं मेंदूतलं आहे, की नुसते विचार?" मला सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर आपलं हसं होईल याची सततची भीती, आहे हे मी लपवत नाही, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो. मावशीने विचारला, लोकलमधल्या मैत्रिणीने विचारला, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काकूंनी तर दोनदा. 'मेंदूतलं' म्हणताना काकूंचा आवाज खाली जातो. आपल्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि "हिला ठाण्याला पाठवा" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. मला त्याचा अजूनही राग येतो.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेचं सांगते. मी खजिनदार. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तीसेक माणसं. दुरुस्ती निधी वाचताना 'अडीच लाख'च्या जागी 'साडेतीन लाख' म्हणून गेले. लगेच सुधारलं. पण शब्द तोंडातून पुरता सुटायच्या आत पोटात गोळा आला होता. मान वर केली, तर पहिल्या रांगेतल्या काकांच्या कपाळावर आठ्या. रात्री दीड वाजेपर्यंत मला त्या आठ्याच दिसत होत्या.

गोळा आधी आणि विचार मागून, हा भास नव्हे. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढताना माणसाची चूक झाली, की सुमारे ०.१ सेकंदाच्या आत एक ठरावीक लहर उमटते. ती येते कपाळाच्या मागे, मेंदूच्या मध्यरेषेजवळच्या सिंग्युलेट भागातून. उमटते सगळ्यांनाच, चिंतेचा त्रास असणाऱ्यांमध्ये सरासरीने मोठी असते. तसंच चेहऱ्यांचं. रागावलेला किंवा तुच्छतेने बघणारा चेहरा दिसला, की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका हेरणारा बदामाएवढा भाग, आमच्यासारख्यांमध्ये सरासरीने जास्त जोरात पेटते. सरासरीने, हे महत्त्वाचं. नुसत्या स्कॅनवरून हे निदान कुणी करत नाही.

पण आठ्यांचा अर्थ मेंदूच्या लहरीत लिहिलेला नसतो, तो मी लावला. तोंडावर ऊन असेल, ऐकू आलं नसेल, निधी कमी वाटला असेल. यातलं काहीच मला सुचलं नाही. 'हिला साधा हिशेब वाचता येत नाही' एवढंच सुचलं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे चक्र मांडलं ते वाचताना मला रडू आलं होतं. भीती वाटली की लक्ष लोकांवरून उडून स्वतःकडे वळतं, आणि छातीतली धडधड हाच पुरावा धरून आपण लोकांना कसे दिसतोय ते ठरवतो. मग घरी येऊन त्याचीच उजळणी.

तेव्हा काकू, उत्तर असं, की ही दोन वेगळी दुखणी नाहीत. आणि मेंदूतलं म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. स्वीडनमध्ये उप्साला इथे सोशल अँग्झायटीच्या १८ रुग्णांचं, ते लोकांसमोर बोलत असताना, मेंदूचं स्कॅन केलं होतं. काहींना गोळ्या, काहींना गटात बसून विचार-वर्तन उपचार, काही नुसते प्रतीक्षा यादीत. २००२ मध्ये निकाल छापून आला. अभ्यास लहान होता, पण गोळ्या घेणाऱ्यांची आणि बोलून उपचार घेणाऱ्यांची, दोघांचीही अमिग्डाला आधीपेक्षा शांत झालेली दिसली. म्हणून "विचार करू नकोस" हे मला सांगू नका. तो गोळा मी बोलावलेला नसतो. त्यानंतर कुठे बघायचं, एवढं मात्र शिकता येतं, आणि मी ते समुपदेशक ताईंकडे आठवड्याला एक तास बसून शिकतेय.

यंदाच्या सभेत एकही आकडा चुकला नाही, तरी गोळा आलाच. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी कागद खाली ठेवला आणि शेवटच्या रांगेपासून बघायला लागले. एक आजी पेंगत होत्या. तिसऱ्या मजल्यावरचा छोटा मुलगा खुर्चीखाली बसून सगळ्यांच्या चपला जोडीने लावत होता. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. पहिल्या रांगेतल्या काकांपर्यंत पोचेस्तोवर माझं वाचून झालं होतं.